लियाँच्या बुशाँमध्ये शाकाहारी आईला जेवायला न्यायचंय, कसं जमवावं?

सोलापूरची_चादर

नमस्कार मंडळी,

मी फ्रान्समधल्या लियाँ शहराला लागून असलेल्या विल्युरबानमध्ये दोन वर्षांपासून राहतो. सप्टेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे येताहेत. बाबा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात ३५ वर्षं जॅकार्डच्या मागावर होते. भोकं पाडलेले पुठ्ठे मागावर चढवायचे, दोरा तुटला की जोडायचा, घरी आले की कानात तोच खडखडाट, हे बघत मी मोठा झालो. ज्याच्या नावाने हा माग ओळखला जातो तो जॅकार्ड लियाँचाच, १७५२ साली इथेच जन्मला, हे मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्याचा माग बघता येईल का रे?"

तेव्हा बेत असा आहे: सकाळी क्रोआ-रूसच्या टेकडीवर 'मेझों दे कानू' या विणकरांच्या संग्रहालयात जायचं आणि दुपारी तिथेच जवळपास एखाद्या बुशाँमध्ये नीट बसून जेवायचं. बाहेरच्यांसाठी सांगतो, बुशाँ म्हणजे लियाँचा बिस्त्रो, साधं घरगुती जेवणाचं हॉटेल. छोटी जागा, खेटून मांडलेली टेबलं, त्यांवर चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर पितळी भांडी, आणि जाड बुडाच्या बाटलीतून वाईन. रेशमाचे विणकर ज्या धाटणीचं जेवत तेच जेवण तिथे मिळतं, म्हणून बाबांना तिथेच न्यायचंय.

अडचण आईची. ती पूर्ण शाकाहारी. केकमधलं अंडं चालतं, पण नुसतं अंडं नाही. बाबा मासे, चिकन, मटण खातात. गाईचं आणि डुकराचं नाही.

मागच्या वर्षी ताई आली होती, तेव्हा मी तिला एका बिस्त्रोत नेलं. 'सां व्यांद', म्हणजे मांसाशिवाय, असं दोनदा सांगून सलाद मागवलं. त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेले होते. विचारलं तर वेटर म्हणाला, हे मांस नाही, हे लार्दों आहेत. ताई काही बोलली नाही. ब्रेड आणि लोणी खाऊन उठली. आईच्या बाबतीत हे मला पुन्हा होऊ द्यायचं नाही. तिला माझ्या गावात, माझ्या शेजारी बसून, पोटभर आणि मनासारखं जेवता यावं एवढंच हवंय.

कुणी लियाँत आई-वडिलांना असं नेलं आहे का? काय मागवावं, काय विचारावं?

---

ग्रेनोब्लची_माई

तुमची तळमळ समजते, पण स्पष्टच सांगते: बुशाँ हे मांसाचं घर आहे. आतडी, काळीज, डुकराचं डोकं, हेच तिथलं वैशिष्ट्य. शेजारच्या टेबलावर काय आलंय हे तुमच्या आईंना कळलं तर घास उतरणार नाही. माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं.

त्यापेक्षा क्रेपरीत, म्हणजे धिरड्यांच्या हॉटेलात न्या. ब्रेतान्य या प्रांताचं गालेत हे बकव्हीटचं धिरडं असतं. बकव्हीट म्हणजे उत्तरेकडे उपासाला चालणारा कुट्टू. पीठ, पाणी, मीठ. त्यात पालक आणि चीज घालून घ्यायचं आणि वर अंडं नको म्हणून सांगायचं. सासूबाईंनी तीन आठवड्यांत पाच वेळा खाल्लं.

---

क्रोआरूसची

दादा, मी चार वर्षं क्रोआ-रूसवरच्या एका बुशाँच्या स्वयंपाकघरात काम केलंय. पहिलं वर्ष भांडी, मग थंड पदार्थांचं टेबल. माईंचं म्हणणं चुकीचं नाही, तिथे शाकाहार हा पाहुणा आहे. पण पाहुण्याची सोय होते. फक्त ती टेबलावर बसल्यावर करायची नसते, आदल्या दिवशी करायची असते. असं का, ते आतल्या बाजूने सांगते.

आमच्या स्वयंपाकघरात तीन माणसं होती आणि दुपारी १२ ते २ या वेळात ३५-४० ताटं निघायची. हे कशावर जमतं? सगळी तयारी आधी झालेली असते म्हणून. हाडांचा अर्क आदल्या दिवशीच उकळून ठेवलेला. मसूर शिजते तीच डुकराच्या तुकड्याबरोबर. लार्दों परतून डब्यात तयार, सलादवर मूठभर टाकायचे की ताट बाहेर. अशा वेळी वेटर आत येऊन "एक ताट मांसाशिवाय" म्हणाला, तर हाताशी असतं ते फक्त 'काढून टाकणं'. लार्दों काढता येतात, मसुरीत मुरलेला अर्क काढता येत नाही. तुमच्या ताईंच्या ताटाचं हेच झालं. शिवाय इथे जुन्या माणसांच्या बोलण्यात 'व्यांद' म्हणजे मांसाचा मोठा तुकडा. लार्दों, हॅम, मासे त्यात धरत नाहीत. त्याने तुम्हाला फसवलं नाही, पण ताई उपाशी राहिल्या हे खरंच. वाचून वाईट वाटलं.

म्हणून आदल्या दिवशी फोन करा. सकाळी १० ते ११ मध्ये, किंवा दुपारी अडीचनंतर. जेवणाच्या वेळेत करू नका, कुणी ऐकणार नाही. आणि 'सां व्यांद' म्हणू नका. म्हणा, "मा मॅर ए वेजेतारियेन. नि व्यांद, नि प्वासों, नि लार्दों, नि बुयों." मांस नाही, मासे नाहीत, लार्दों नाहीत आणि अर्कही नाही. शेवटचा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. 'बुयों' ऐकलं की स्वयंपाकी समजतो की समोरच्याला स्वयंपाक कळतो. मग तो फोनवरच विचार करायला लागतो. आमचा मुख्य आचारी तापट होता, पण असा फोन आला की पाटीवर खडूने लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या ताटाकडे जातीने बघायचा.

आता पदार्थ. लियाँत नावं फार दगा देतात, म्हणून हे नीट वाचा.

'सर्वेल द कानू' म्हणजे शब्दशः विणकराचा मेंदू. आई घाबरतील, पण यात मेंदू नाही. ताजं मऊ चीज, म्हणजे जवळजवळ आपला चक्का, त्यात बारीक शॅलट कांदा, लसूण, शिव्ह म्हणजे कांद्याच्या पातीसारखी नाजूक पात, पार्सली, थोडं व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल. विणकरांना मेंदू विकत घेणं परवडत नव्हतं, ते हे खायचे, असं सांगतात. थंडगार देतात, ब्रेडला लावून खायचं. बाबांना ही गोष्ट जरूर सांगा.

उलट 'गातो द फोआ' यात गातो म्हणजे केक, पण तो कोंबडीच्या काळजाचा. यादीत 'गातो' दिसलं म्हणून आईंना गोड समजून देऊ नका. हे आमच्याकडे एका जपानी मुलीच्या बाबतीत झालं होतं.

'ग्रातँ दोफिन्वा' हा बटाट्याचा. पातळ चकत्या, दूध, साय, लसूण, आणि मंद आचेवर ओव्हनमध्ये. मूळ पद्धतीत त्यात अंडंही नाही आणि अर्कही नाही. हा जवळपास सगळ्या बुशाँमध्ये बाजूला देतात, तो आईंचा मुख्य पदार्थ म्हणून मोठ्या वाडग्यात मागा. पण कार्दों या भाजीचा ग्रातँ मागू नका, त्यात हाडातला मगज घालायची रीत आहे.

मसुरीचं सलाद त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात शिजवता येईल का, हे फोनवर विचारा. २५ मिनिटांचं काम आहे, आदल्या दिवशी कळलं तर कुणीही करेल.

गोडात 'तार्त ओ प्रालीन'. गुलाबी साखरेत घोळवलेले बदाम सायीत आटवून केलेला लालचुटुक तार्त. कणकेत अंडं असू शकतं, पण केकमधलं चालतं म्हणालात म्हणून सुचवते.

एक गोष्ट लपवणार नाही. इथल्या पुष्कळ चीजमध्ये, सर्वेलच्या मऊ चीजमध्येही थोडं, दूध गोठवायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं. काही घरांत हे चालत नाही. आईंना आधी सांगा आणि त्यांचं त्यांना ठरवू द्या.

बाबांसाठी: 'ताब्लिए द साप्यर' बघून मोह होईल, कारण ती ब्रेडचा चुरा लावून तळलेली वजडी आहे. पण ती गोवंशाची असते. आंदुयेतही नको, ती वासराच्या किंवा डुकराच्या आतड्यांची. 'केनेल द ब्रोशे' घ्या. ब्रोशे म्हणजे पाईक हा नदीतला मासा, चवीला छान पण काटेच काटे. म्हणून त्याचं मांस वाटून, लोणी, अंडी आणि मैद्याबरोबर फेटून लांबट मुटके करतात आणि नदीतल्या लाल झिंग्यांच्या नांत्युआ सॉसमध्ये भाजतात. ओव्हनमधून येतो तेव्हा फुगून दुप्पट झालेला असतो. तो लगेच खायला सांगा, बसतो लवकर.

आणि माई, शेजारच्या टेबलाचं म्हणाल तर कोपऱ्यातलं, भिंतीकडचं टेबल मागून घ्यायचं. तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

---

ग्रेनोब्लची_माई

हाडांच्या अर्काचं मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी कांद्याचं सूप शाकाहारी समजून कितीदा घेतलंय.

---

क्रोआरूसची

माई, कांद्याचं सूप बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या अर्कातच असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

---

मोंपार्नासचा_पाहुणा

लियाँचं मला फार माहीत नाही, मी पॅरिसचा. पण दोन-चार गोष्टी सगळ्या बिस्त्रोंना लागू आहेत त्या सांगतो, कारण आई-वडील असल्या बारीक गोष्टींनीच अवघडतात.

आत शिरताना मोठ्याने 'बोंजूर' म्हणायला आई-बाबांनाही शिकवा. न बोलता टेबलाकडे गेलं की इथल्या माणसाला आपण उंबरा ओलांडून थेट माजघरात घुसल्यासारखं वाटतं. त्या एका शब्दावर पुढचे दोन तास अवलंबून असतात.

पाणी विकतचं घेऊ नका. 'यून काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं आणि जेवणाबरोबर ते देणं त्यांना बंधनकारक आहे. ब्रेडही फुकट, संपला की पुन्हा मागा. सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, टीप द्यायलाच हवी असं नाही. मन भरलं तर एक-दोन युरो ठेवावेत. 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण बिल आणून ठेवणं म्हणजे 'आता उठा' म्हणणं. माझ्या वडिलांना वाटलं आपल्याला विसरले, ते पाऊण तास अस्वस्थ बसून होते. आणि उरलं तर संकोच करू नका. २०२१ पासून मागितल्यावर उरलेलं बांधून देणं हा नियम आहे. माझ्या आईला हे कळल्यावर ती जास्त मोकळेपणाने जेवायला लागली, पानात टाकायचं दडपण गेलं.

पॅरिसला आलात तर 'बुयों शार्तिए'त या. १८९६ पासूनचं आहे, उंच छत, आरसे, गडबड, आणि वेटर टेबलावरच्या कागदावरच हिशेब लिहितो. तिथे व्हिनेगर-मोहरीतली वाफवलेली लीकची, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी मिळते, ती आईंना चालेल.

---

सोलापूरची_चादर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला रेनेटचं सांगितलं. ती म्हणाली, "दुधातलं आहे ना, मग मी खाईन, तू नको काळजी करूस." फोन उद्या करतो. एक शंका: बाबा क्वचित एखादा पेग घेतात. आईसमोर वाईन मागवू का? आणि आईला प्यायला काय?

---

क्रोआरूसची

बाबांनाच विचारा, पण मागवलीत तर 'पो' मागवा. ही ४६ सेंटिलिटरची जाड काचेच्या बुडाची बाटली, लियाँची खास. बोजोले या इथल्या वाईनचा पो दोघांत पुरतो. इथे म्हण आहे की लियाँला तीन नद्या: रोन, सोन आणि बोजोले. आईंना 'दियाबोलो मांत' द्या, पुदिन्याचं हिरवं सरबत आणि गोड सोडा. उंच ग्लासात येतं, त्यांच्या हातातही काहीतरी छान असलं पाहिजे ना.

---

सोलापूरची_चादर

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं केलंत.

सकाळी मेट्रोने क्रोआ-रूस. चौकात जॅकार्डचा पुतळा आहे, बाबा त्याच्यासमोर चप्पल काढून उभे राहिले. संग्रहालयात बाईंनी माग चालवून दाखवला. इथले लोक त्या आवाजाला 'बिस्तांक्लाक' म्हणतात. बाबांनी पहिला ठोका ऐकला आणि मान वर केली, पुठ्ठ्यांची माळ कुठून फिरते ते बघायला. त्या बाई फ्रेंचमध्ये सांगत होत्या आणि मी भाषांतर करायच्या आधीच बाबा मला पुढचं सांगत होते: आता ही सुई भोकातून जाईल, आता एवढे दोरे उचलले जातील. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी बाबांना पुढे बोलावलं आणि हाताने खूण करून विचारलं, तुम्ही? बाबांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांवरचे घट्टे बघून त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मागाच्या लाकडावर त्यांचा हात ठेवला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "छत बघितलंस का? आपल्या शेडपेक्षा उंच." चार मीटरची छतं त्या मागांसाठीच बांधली होती, हे मी तिथे वाचलं.

बुशाँमध्ये १२ वाजता पोचलो. आई-बाबा दोघांनी बोंजूर म्हटलं. मालकीणबाई साठीच्या असाव्यात, त्या आईकडे बघून म्हणाल्या, "आ, सॅ वू, मादाम वेजेतारियेन!" म्हणजे, अच्छा, त्या शाकाहारी बाई तुम्हीच! फोनवरची गोष्ट त्यांच्या लक्षात होती. टेबल कोपऱ्यातलं, भिंतीकडचं. बाबांनी बसल्याबसल्या जाड नॅपकिन उलटा करून काठ बघितला आणि मला वीण समजावली.

आईसाठी मसूर खरंच वेगळी शिजवली होती. हिरवी बारीक मसूर, मोहरीच्या सॉसमध्ये, वर कच्चा कांदा. ती म्हणाली, "उसळच आहे, फक्त फोडणी द्यायची राहिली." पण वाडगा संपवला. मग ग्रातँ आला, वरून तांबूस, कडेला साय करपून चिकटलेली. आई कड खरवडून खात होती, घरी खरवड खाते तशी. बाबांचा केनेल फुगून ताटाबाहेर आला होता. उजनीचा मासा खाल्लेला माणूस, पहिल्या घासाला काटा शोधत होता. दुसऱ्या घासानंतर शोधायचं सोडलं. पो अर्धाच संपला.

मी मालकीणबाईंना सांगितलं की बाबा जॅकार्डवर होते. त्या चक्क खुर्ची ओढून बसल्या. १८३१ मध्ये याच टेकडीवरचे विणकर मजुरीच्या दरासाठी उठले होते, व्यापाऱ्यांनी ठरलेला दर द्यायला नकार दिला म्हणून, हे त्या हातवारे करून सांगत होत्या. मी मराठीत सांगितलं तसे बाबा म्हणाले, "आमचाही संप पीस-रेटवरूनच झाला होता. दीड महिना." मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आईने सांगितलं, त्या दीड महिन्यात घरात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी याशिवाय काही नव्हतं. मालकीणबाईंना हे सांगितल्यावर त्या उठल्या आणि सर्वेल द कानूचा आणखी एक वाडगा आणून आईसमोर ठेवला. बिलात तो लावला नव्हता.

आईला गुलाबी तार्त फार गोड झाला, निम्मा बांधून आणला. आज सकाळी चहाबरोबर खाल्ला तिने. तिचा एकच निरोप आहे 'क्रोआरूसची' यांना: त्या चक्क्याची कृती सोलापुरात करता येईल अशी लिहून द्या.

---

क्रोआरूसची

वाचताना डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा. कृती अशी:

अर्धा किलो दही मलमलच्या कपड्यात चार-पाच तास टांगा. श्रीखंडाइतकं कोरडं नको, चमच्याने पसरेल असं हवं. दही ताजं घ्या, आंबट दह्यात व्हिनेगर जास्त होतं. लाकडी चमच्याने फेटा, मिक्सर लावू नका, पाणी सुटतं. त्यात दोन चमचे घट्ट साय. एक छोटा पांढरा कांदा अगदी बारीक चिरून, मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घाला, म्हणजे उग्रपणा जातो. लसणाची अर्धी पाकळी, ठेचून. शिव्ह तिकडे मिळणार नाही, कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घ्या, वाटीभर. पार्सलीऐवजी थोडी कोथिंबीर चालेल, पण कमी, नाहीतर चव आपल्या कोशिंबिरीकडे जाते. एक चमचा व्हिनेगर, दोन चमचे तेल, मीठ, भरडलेली मिरी.

झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. लगेच खाल्लं तर कांदा वेगळा लागतो, दुसऱ्या दिवशी सगळं एक होतं. ब्रेड नको असेल तर कडक भाकरी घ्या, मी इथे तशीच खाते.